कोणते सोनवणे? जळगावच्या सराफ बाजारातल्या तीन चकरा

आधी कामाचं सांगतो, म्हणजे ज्यांना फक्त खरेदीपुरतं वाचायचंय त्यांची सुटका होईल. मुलीच्या लग्नासाठी आम्ही जळगावच्या सराफ बाजारातल्या एका जुन्या दुकानातून सोनं घेतलं. काळ्या मण्यांची पोत २४.३५० ग्रॅम, चार बांगड्या ४१.२०० ग्रॅम, कानातले झुबे ६.८०० ग्रॅम आणि जावयाची अंगठी ४.१०० ग्रॅम. एकूण ७६.४५० ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या बोलीत साडेसात तोळ्यांच्या थोडं वर. चोवीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पलीकडे गेलेला, तेव्हा माझ्या ग्रॅच्युइटीचं काय झालं ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं. सोनं चोख निघालं. बिल स्वच्छ मिळालं. वजनकाटा गिऱ्हाईकाकडे तोंड करून ठेवलेला. चहा दोनदा आला, तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. तारे द्यायचे तर चार देतो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पाचवा तारा ज्या गोष्टीसाठी कापला ती या एकाच दुकानाची नाही, आणि नाव लिहिलं की लोक म्हणतील हा माणूस भांडायला बसलाय. मी भांडायला बसलो नाही. मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस आहे. एखादी वस्तू तपासली की रिपोर्ट लिहायची सवय लागलीय, ती सुटत नाही.

पहिली चकर नुसती भाव बघायची. भुसावळहून जळगाव पंचवीसेक किलोमीटर, पॅसेंजरने गेलो. सुभाष चौकाकडून सराफ बाजारात शिरलं की दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि मुंबई-पुण्याची माणसंही इथे खरेदीला येतात, ते इथल्या सोन्याच्या शुद्धतेच्या लौकिकावर. आम्ही आत गेलो तेव्हा आतल्या बाजूच्या गादीवर एक म्हातारं जोडपं तक्क्याला टेकून बसलं होतं. पांढरी टोपी, धोतर. शेठ त्यांना केळीचा भाव विचारत होते. रावेर-यावलकडचं केळीचं घराणं असणार, पिढीजात गिऱ्हाईक. आम्हाला काउंटरसमोरच्या खुर्च्या मिळाल्या. खुर्च्या चांगल्या होत्या, मऊ. गादी का नाही, असं माझ्या मनातही आलं नाही. आलं ते बायकोच्या, आणि तेही नंतर गाडीत.

काउंटरवरच्या पोराने नाव विचारलं. मी म्हटलं, सोनवणे. तो हसला आणि वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात शेठ गादीवरून उठून आले.

"सोनवणे! या या. कोणते सोनवणे?"

खान्देशाबाहेरच्या वाचकाला यातली गोम कळणार नाही. आमच्याकडे सोनवणे हे आडनाव मराठ्यांत आहे, कोळ्यांत आहे, माळ्यांत आहे, बौद्धांत आहे, आणखीही कुणाकुणात असेल. तीच गत 'पाटील'ची. पाटील म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, लेवा का मराठा का गुजर? नुसत्या आडनावावर माणसाचं माप लागत नाही, म्हणून हा 'कोणते'. विचारणाऱ्याला तो प्रश्न वाटतही नाही. हवापाणी विचारावं तसं विचारतात. आणि आमच्या आडनावात तर सोनं आधीच बसलेलं, हा विनोदही शेठने केलाच.

मी म्हटलं, "भुसावळचे."

हे उत्तर नाही हे त्यांनाही कळलं, मलाही कळलं. चाळीस वर्षं नोकरी केल्यावर ही कला येते. ट्रेनमध्ये, भाड्याने घर बघताना, मुलीच्या कॉलेजात. प्रश्न जातीचा आला की उत्तर गावाचं द्यायचं. शेठ सभ्य माणूस, त्यांनी ताणलं नाही. मजुरी बारा टक्के सांगितली आणि म्हणाले, आपल्या माणसाला बघू काहीतरी. आपला माणूस कोण ते बहुतेक पुढच्या भेटीत ठरणार होतं.

दुसऱ्या चकरीला मुलगी बरोबर होती. ती नाशिकला औषधाच्या कंपनीत क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात आहे, बी. फार्म. झालेली. तिला कुठलीही वस्तू नुसत्या विश्वासावर चालत नाही. हॉलमार्क कसा बघायचा ते मला तिनेच शिकवलं, तेव्हा तेही लिहून ठेवतो. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा त्रिकोण, २२ कॅरेटसाठी २२के९१६, आणि आकडे-अक्षरं मिळून सहा खुणांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की दागिना कुठला, कोणी तपासला, शुद्धता किती, सगळं येतं. नगाला पंचेचाळीस रुपये आणि वर जीएसटी, एवढीच हॉलमार्कची फी असते. कोणी पाचशे लावत असेल तर भांडा. सोन्याच्या मालावर जीएसटी तीन टक्के. दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन लागतं आणि तेवढी रोख कोणी घ्यायची नसते. आम्ही बँकेतूनच पैसे पाठवले.

आता पोत निवडताना काय झालं ते सांगतो. काउंटरवर मखमली ट्रे ठेवलेला, तीस ग्रॅमच्या आसपासच्या पोती. बायकोने एक गळ्याला लावून आरशात बघितली. शेठ जवळ उभे. पुन्हा सहज म्हणाले, "सोनवणे साहेब, त्या दिवशी राहूनच गेलं. लग्न कुठे ठरलं? सोयरे कुठले? म्हणजे आपण कोणते?"

मुलगी समोर होती. तिच्यासमोर 'भुसावळचे' म्हणवेना.

"बौद्ध."

"अच्छा, अच्छा." शेठ क्षणभर थांबले आणि मनापासून म्हणाले, "तुमचे लोक आता फार पुढे गेले हो. शिक्षणाने. चांगलं आहे."

मग तीस ग्रॅमचा ट्रे आत गेला आणि दुसरा आला. पंधरा-अठरा ग्रॅमचा. "हे बघा वहिनी, हलक्या वजनात पण भरगच्च दिसतं." कोणी आम्हाला हलकं दाखवा म्हटलं नव्हतं. बजेटही कोणी विचारलं नव्हतं.

बायको म्हणते, तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं. भाव वाढलेत, ते सगळ्यांनाच हलकं दाखवत असतील. असेल. मी माझ्या रिपोर्टमध्ये फक्त क्रम लिहितोय: आधी प्रश्न, मग उत्तर, मग ट्रे. कारण लिहिलेलं नाही. शेठच्या बाजूचीही गोष्ट लिहितो, कारण ती खरी आहे. मजुरी त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे बारावरून दहा टक्क्यांवर आणली, उत्तर ऐकल्यानंतर. काट्यात मिलीग्रॅमचा फरक नाही. मी तिसऱ्या ट्रेसाठी बोट दाखवलं तेव्हा तोही लगेच आला, आणि २४.३५० ग्रॅमची पोत त्यातूनच निघाली. पैसा काउंटरवर आहे तोवर काउंटर सभ्य असतो. तिथवर आम्ही पोचलो, ही काही लहान गोष्ट नाही.

लहान नाही असं का म्हणतो, त्यासाठी माझ्या आईच्या पोतीकडे यावं लागेल. खरं तर या दुकानाचं मोठं गुणगान त्या पोतीपाशीच आहे.

आमचं मूळ गाव यावल तालुक्यात. आजोबांकडे महारकी होती: गावचा सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं आणि संध्याकाळी भाकरीची टोपली घेऊन घरोघर फिरायचं. १९५८ च्या कायद्याने ही वतनं गेली. त्यानंतर वडील तापी ओलांडून भुसावळला आले आणि रेल्वेत खलाशी लागले. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. शेडमध्ये फिटरच्या हाताखाली अवजड सामान उचलणारा, इंजिनाला ग्रीस लावणारा. भुसावळला रेल्वेने आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने आमच्या किती घरांना पहिली पगाराची पावती दिली ते मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. पगाराला जात विचारत नाहीत. निदान पावतीवर तरी तो रकाना नसतो.

त्या पगारातून पै-पै साठवून आईने १९७९ साली पोत केली. भुसावळात किंवा जळगावात नाही, गावच्याच सोनाराकडे. शहरातल्या दुकानाची पायरी चढायची छाती नव्हती, आणि गावचा सोनार ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे कसा, तर आई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायची, वजन आत व्हायचं. पोत तयार झाल्यावर त्याने ती हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली. आईने उचलून कपाळाला लावली. आई हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात राग नसतो. पोत झाली, हाच तिच्यासाठी त्या गोष्टीचा शेवट असतो.

दुसऱ्या चकरीला ती पोत आम्ही मोडीत घालायला आणली होती. ११.२०० ग्रॅम. काउंटरवरच्या पोराने ती पेटीसारख्या मशिनमध्ये ठेवली. ही मशिनं आता बऱ्याच दुकानांत असतात, दागिना न घासता, न वितळवता कस सांगतात. अर्ध्या मिनिटात कागद बाहेर आला: सोनं ७१.४०. बाकी तांबं, चांदी आणि काय काय. बावीस कॅरेट म्हणून दिलेली, म्हणजे ९१.६ हवी होती. मुलीने तिथल्या तिथे मोबाईलवर हिशेब केला. "पप्पा, सव्वादोन ग्रॅम सोनं कमी आहे."

शेठने कागद बघितला आणि त्यांचा कस मला तिथे दिसला. ते म्हणाले, घाईने चोर म्हणू नका. जुन्या कामात डाग, म्हणजे सांधे जोडायचा हलका धातू, जास्त द्यायचे, मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते, मशीन वरवरचं वाचतं, वितळवल्याशिवाय नक्की आकडा येत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "पण एवढा फरक डागाने पडत नाही साहेब." दुसरा कोणी असता तर गप्प राहून कमी भावात घेऊन टाकली असती. या एका वाक्यासाठी मी या दुकानात पुन्हा जाईन.

बायको म्हणाली, त्या सोनाराने गावच्या पाटलालाही फसवलंच असेल. शक्य आहे. पण पाटील ओट्यावर बसायचा. त्याला काटा दिसायचा.

आमच्या शेडमधला एक जुना मित्र आहे, चळवळीतला. सोनं घेतोय म्हटल्यावर तो चिडलाच. म्हणे, बाबासाहेबांनी साधं लग्न करायला सांगितलं आणि तू साडेसात तोळे घालतोस? काळे मणी कशाला? धम्मात काळ्या मण्यांचं काय काम? काळ्या मण्यांचं त्याचं म्हणणं खरं आहे. आमच्या घरी त्यावर आठवडाभर वाद झाला आणि बायको जिंकली. पण सोन्याचं मी त्याला ऐकवलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब बायकांशी बोलले होते. लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा, हातापायांतले ते कथलाचे आणि चांदीचे ढीग काढून टाका, ते तुमची जात लांबून ओळखायची खूण झालेत; दागिना घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असा त्यांचा सांगावा होता. आणि जाळलेल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात काय लिहिलं होतं? चांडाळांनी गावाबाहेर राहावं, कुत्री आणि गाढवं हेच त्यांचं धन, अंगावर प्रेताचे कपडे आणि दागिने लोखंडाचे. त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की शूद्राने, ऐपत असली तरी, धन साठवू नये. म्हणजे दागिना कोणत्या धातूचा असावा हेसुद्धा जन्मावर ठरवून टाकलेलं. मित्र म्हणाला, मग तू काय क्रांती करायला सराफ बाजारात गेलास? मी म्हटलं नाही, पोत घ्यायला गेलो. पण माझी आजी कथलाचं घालायची, ते मी बघितलंय.

त्याला चाळीसगावची गोष्टही आठवत होतीच. ती आमच्या घरात पाठ आहे. मुंबईला जाताना गाडी चाळीसगावला थांबली की वडील खिडकीतून बोट दाखवायचे. १९२९ साली बाबासाहेब खान्देशात चौकशीच्या कामाला आले होते, अस्पृश्यांच्या तक्रारी बघायला सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून. परतताना चाळीसगावच्या लोकांनी आग्रहाने मुक्कामाला थांबवून घेतलं. महारवाड्यात न्यायला टांगा हवा, पण टांगेवाले महाराला बसवून हाकायला तयार होईनात. पाहुण्याला चालत कसं न्यायचं? शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. आपल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याला घोडा हाकायचं ठाऊक नव्हतं. नदीच्या मोरीवर टांगा उलथला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडला. कोलंबियाची आणि लंडनची डॉक्टरेट, बॅरिस्टर. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की हलकं काम करणारा टांगेवालाही अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजू शकतो.

मला टांगेवाला नाही, शेठ भेटला. शेठने चहा पाजला, मजुरी कमी केली, खरं सांगितलं. शंभर वर्षांत एवढा फरक पडलाय आणि तो मला कमी लेखायचा नाही. फक्त 'कोणते' हा शब्द त्या काउंटरवर अजून आहे, काट्याच्या शेजारी.

आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? मुलीला स्थळं बघताना नाशिकहून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, फ्लॅट स्वतःचा, स्वभाव मुलीला आवडलेला. मातंग. माझी आई काही बोलली नाही, बायको म्हणाली, "आपल्यातलंच बघू ना." मी 'हो' म्हटलं. म्हणजे 'कोणते' मीही विचारलंच, फोनवर, गोड आवाजात, चहा न पाजता. मुलीने त्यावर महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. आता जे ठरलंय ते तिच्या मर्जीचंच आहे, पण ती गोष्ट आमच्यात कुठेतरी राहून गेलीय.

तिसरी चकर डिलिव्हरीची. बांगड्या मापाला बरोबर, झुब्यांचं मळसूत्र एका बाजूला घट्ट होतं, ते तिथेच बसून सैल करून दिलं. पोतीचा फासा सारखा निसटत होता. पोराने तो बदलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. जड पोत घेणार असाल तर नुसत्या हुकवर राहू नका, फासा मागून घ्या. आठही नगांचे एचयूआयडी मुलीने ॲपवर टाकून बघितले, आठही बरोबर निघाले. त्याला पाऊण तास गेला, मागे गिऱ्हाईक उभं होतं, पण कोणी तोंड वाकडं केलं नाही.

शेठ तेव्हा जेवायला गेले होते. पोरगा फासा बसवताना म्हणाला, "काका, मीपण सोनवणे."

मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "आम्ही टोकरे कोळी. जमातीचा दाखला आहे, पण जात पडताळणीची व्हॅलिडिटी अडकली. चुलत्याला मिळाली, मला नाही. इंजिनिअरिंगची सीट त्याच्यातच गेली." आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'कोळी' लिहिलंय, 'टोकरे' नाही, म्हणून. आता इथे बारा हजारांवर आहे, मशीन चालवायला शिकलाय, पुढे तपासणी केंद्रात लागायचं त्याच्या डोक्यात आहे. बोलताना त्याची नजर फाश्यावरून हलली नाही.

एका काउंटरला दोन सोनवणे. एकाला जात सांगायची नसते आणि लोक विचारतात, दुसरा कागद घेऊन सांगत फिरतो आणि कोणी मानत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या मुलीला विचार, लॅबमधलं शिक्षण कुठे मिळतं ते तिला ठाऊक असेल. तिने त्याला नंबर दिला.

बाकी फुटकळ. दुकानात चपला बाहेर काढाव्या लागतात, बाहेर लक्ष ठेवायला कोणी नसतं. गाडी घेऊन जाऊ नका, बाजारात ठेवायला जागा नाही. आम्ही रिक्षाने गेलो ते बरं झालं. डिसेंबरात गेलात तर परतताना भरीत-पुरी खाऊन या, वांगी तेव्हाच गोड लागतात. सोन्याचे डबे देतात ते नुसते दिसायला, झाकण पहिल्याच दिवशी निखळलं.

आईची पोत मोडली नाही. मशीनचा कागद बघून तिने विचारलं, "याच्यात काय लिहिलंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे ते. नको वितळवू." कागद घडी करून तिने पोतीबरोबर त्याच डबीत ठेवला, पत्र्याच्या, वडिलांच्या बिड्यांच्या डबीत.

परवा दुकानातून फोन आला. तोच पोरगा. "काका, रिव्ह्यू टाका ना, पाच स्टार. शेठने सांगितलंय." मी म्हटलं टाकतो. हे चार आहेत. त्याने पुन्हा फोन केला तर त्याला सांगेन की त्याच्या फाश्याचे पाचच्या पाच आहेत, कापलाय तो शेठचा.